तिळाएवढा हलणारा सांधा

आमच्या माडीवर अकरा वर्षं राहून गेलेल्या माणसानं माझं तोंड कधी नीट बघितलं असेल, असं मला वाटत नाही. सर माणसाच्या तोंडाकडं बघायचेच नाहीत, कमरेकडं बघायचे. असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात नको ते येतं, म्हणून आधीच सांगून टाकते, त्यांच्याइतका सरळ नजरेचा माणूस मी दुसरा बघितला नाही. पण खोड ती खोड. गावातल्या एका वैद्यकीच्या कॉलेजात ते मुलांना हाडं शिकवायचे. संध्याकाळी आले की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसायचे आणि गल्लीतनं येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल बघायचे. दूधवाला गेला की म्हणणार, ह्यानं उजवी बाजू धरलीय. समोरची म्हातारी गेली की म्हणणार, हिच्या खुब्याला उगाच तेल चोळतायत, हिचं दुखणं मागं आहे. माझ्याकडं तर बघायचीही गरज नसायची. मी जिना चढायला लागले की वरनंच आवाज यायचा, "वहिनी, आज बादली डाव्या हातात का?"

गल्लीत त्यांना हाडकं मास्तर म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. माणूस तोंडानं वाट्टेल ते बोलतो, कमरेला खोटं बोलता येत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातनं एकदा तरी यायचंच.

एकदा ह्या खोडीपायी मार खायची वेळ आलेली. मंडईत सर एका बाईच्या मागनं चालत चालत पार टोकापर्यंत गेले. तिच्या भावानं आडवलं. "काय पावणं, मगाधरनं काय बघताय?" दुसरा कोणी असता तर काहीतरी थाप मारून सटकला असता. सरांनी खरं ते सांगितलं. "त्यांची कंबर." झालं. चार माणसं गोळा झाली. मी मेथीची पेंडी तिथंच टाकून मधी पडले, हे शाळामास्तर हायती, हाडांचे हायती, असं ओरडून सांगायला लागले. आणि सर, कॉलर त्या भावाच्या हातात असताना, त्यालाच विचारतायत, बाळंतपणापासून दुखतंय ना, कुशीवर वळताना जास्त दुखतं ना? भावाचा हात आपोआप सैल झाला. पुढच्या आठवड्यात तो बहिणीला घेऊन आमच्या दारात हजर. सरांनी तिला हातसुद्धा लावला नाही. बाईमाणसाला हात लावायचा नाही हा त्यांचा नेमच होता. मी डॉक्टर नव्हे, मास्तर आहे, असं म्हणून एका कागदावर दोन ओळी लिहून दिल्या, डॉक्टरला दाखव म्हणाले.

आम्ही कुंभार. खाली गणपतीचा कारखाना, वर माडी. माझे मालक वारल्यावर मी आणि माझा मुलगा दिलीप मिळून काम चालवत होतो, म्हणून माडी भाड्यानं दिलेली. नव्वद सालच्या पुढंमागं सर आले ते एक वळकटी, पुस्तकं आणि एक पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंक हमालानं उचलली तेव्हा आत काहीतरी खडखडलं. मी विचारलं, भांडी का? ते म्हणाले, "नाही, हाडं."

मी दारात आडवी झाले. खाली देव घडतात, देवाच्या डोक्यावर मेलेल्या माणसाची हाडकं कशी ठेवायची? माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण एवढं कळतं की. सर वाद घालतील असं वाटलं होतं. पण त्यांनी थोडा विचार केला आणि ट्रंक तशीच टांग्यातनं कॉलेजला परत पाठवली. मग म्हणाले, मला मुलांना घरी शिकवायला हाडं लागतातच. तुम्ही मातीची करून द्याल?

आता मूर्तीला कंबर असते, पण ती वरनं. पितांबर नेसवला की संपलं. आतलं कोण बघतंय? सरांनी मला आतलं शिकवलं. नव्या सुनेला चूल पेटवायला शिकवावं तसं बाजूला बसून, एकेक. कंबर म्हणजे एक कडं. मागं मधोमध पाचरीसारखं एक हाड, त्याच्यावर सगळा पाठीचा कणा उभा. पाचरीच्या दोन अंगांना दोन पसरट हाडं, ती गोल फिरून पुढं ओटीपोटाखाली एकमेकांना येऊन भेटतात. मागं पाचर आणि ह्या हाडांचा जिथं मेळ बसतो तिथं एक डावा, एक उजवा असे दोन सांधे. डोक्यापासनं कमरेपर्यंतचा सगळा भार त्या दोन जागांतनं पायात उतरतो. पंचगंगेच्या जुन्या पुलाच्या कमानीत मधला दगड कसा सगळ्यांना धरून असतो, तसं हे हाड, असं ते सांगायचे. मग लगेच बोट वर करायचे. पण पुलाचा दगड बांधणाऱ्यानं बरोबर बसवलाय. ही पाचर मात्र पुढनं रुंद आणि मागनं चिंचोळी आहे, म्हणजे भार पडला की पुढं घसरायला बघणार. देवानं पाचर उलटी ठोकली आणि मग चूक लक्षात आल्यावर मागनं दोर आवळून बांधले. माणूस त्या दोरांवर उभा आहे, वहिनी, हाडांवर नाही.

ते दोर मी काथ्याचे केले. शाडूत भिजवलेला काथ्या मागनं आवळून बांधला, तेव्हा सर पहिल्यांदा खूष झाले. पण त्याआधी सात वेळा मोडायला लावलं. सांध्याची आतली बाजू कानाच्या आकाराची पाहिजे, ती मला साधेना. तेव्हा नुकतीच आमच्या घरात आलेली सून, वैजंता, बाजूला माती मळत होती. सर म्हणाले, कान समोर आहे की, ठसा घ्या. मी तिच्या कानावर मातीचा गोळा दाबला. ती हसून हसून लोळायची बाकी राहिली. "माझा कान कॉलेजात चालला," म्हणून माहेरीसुद्धा सांगून आली. आकार जमला. मग त्यावर बारीक उंचवटे आणि खड्डे, एका बाजूचा उंचवटा दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यात बसेल असे. टाकी लावलेल्या जात्यासारखं, मी म्हणाले. सरांना ते आवडलं. पण जातं फिरतं आणि हे फिरत नाही, असं म्हणून त्यांनी सुधारलं. हा सांधा हलतो तो तिळाएवढा. तेवढा हलला नाही तर चालता येत नाही, त्याहून जास्त हलला तरी चालता येत नाही.

माझ्या हातनं तशा चाळीसेक कमरा झाल्या असतील. अंधारात दिल्या तरी मी त्या सांध्यावरनं अंगठा फिरवून डावा कुठला आणि उजवा कुठला ते सांगितलं असतं. हे मी फुशारकीनं लिहीत नाही. पुढं जे झालं ते कळायला हे लागतं.

हाडाच्या बाबतीत सरांनी कधी माघार घेतलेली मी बघितली नाही. छापील पुस्तकात चूक सापडली तर समासात लाल पेन्सिलीनं "खोटं" असं लिहायचे. एकदा त्यांच्या कॉलेजातले कोणी मोठे डॉक्टर घरी आले होते, त्यांच्याशी एका हाडाच्या टोकावरनं एवढं वाजलं की ते चहा अर्धा टाकून गेले. मी म्हटलं, जरा नमतं घ्यायचं होतं. सर म्हणाले, हाड तसं नसताना मी तसं आहे कसं म्हणू?

बांगडीचा प्रकार तर गल्लीला पाठ होता. मुलं शिकायला आली की ते माझ्याकडं काचेची एक बांगडी मागायचे आणि सगळ्यांदेखत दोन बोटांत दाबून फोडायचे. मी दर वेळी ओरडायची, संध्याकाळची वेळ, घरात सवाष्ण आहे, आणि फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं. ते म्हणायचे, बरं, वाढली. पण किती जागी वाढली ते बघा. बांगडी कधी एका जागी फुटत नाही. कंबर हे कडं आहे. पुढं चीर दिसली तर मागं काहीतरी सुटलेलं असणारच. दिसत नसलं तरी शोधायचं.

आता वैजंताबद्दल सांगते. ती गडमुडशिंगीची, आणि आमच्यात आल्यावर दोन वर्षांत आखणीला लागली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. बाकी सगळं साच्यानं, रंगानं होतं, पण डोळे हातानं. माझा हात तेव्हा थरथरायला लागला होता. तिच्या हातचे डोळे असे व्हायचे की गिऱ्हाईक दारातनंच म्हणायचं, तुमच्याकडचा गणपती आपल्याकडं बघतो. आमच्या घराला नाव मिळालं ते तिच्या बोटांमुळं. पोतं अंथरून, मांडी घालून, मूर्ती पाटावर घेऊन दिवसदिवस बसायची.

एका वर्षी बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आधी ती दिलीपच्या मोपेडवर मागं एका अंगानं बसून माहेरी मातीचे बैल पोचवायला गेलेली. येताना रस्त्यात खड्डा आला, तोल गेला आणि ती सडकेवर बसल्यासारखीच आपटली. डॉक्टरांनी फोटो काढला. पुढच्या हाडाला बारीक चीर आहे, तीन आठवडे झोपवून ठेवा, आपोआप भरेल, एवढं सांगितलं. आम्ही झोपवून ठेवलं. तीन आठवड्यांनी उठली ती भिंतीला धरून. कुशीवर वळताना ओठ दाबायची. शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, कामाचा मोसम आला की सुनांची कंबर धरते. मी त्यांना काही बोलले नाही. मनात कुठंतरी मलाही तसंच वाटत होतं.

सरांनी तिला अंगणातनं चार पावलं चालताना बघितलं आणि चहा पायरीवर ठेवून खाली आले. फोटो मागून घेतला, उजेडाला धरला. हा समोरनं काढलाय, मागचा सांधा तिरका असतो, ह्यात तो दिसणारच नाही, म्हणाले. मग मला म्हणाले, आत जा, तिला झोपवा, मी सांगतो तसं करा.

आतल्या खोलीला दार नव्हतं, जुन्या साडीचा पडदा होता. सर पडद्याच्या बाहेर, आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मागच्या दोन खळग्यांवर अंगठे ठेवा. ठेवले. एका रेषेत आहेत? न्हाय, डावा वर हाय. किती वर? बोटाच्या पेरापेक्षा कमी. आता कुशीवर घ्या आणि वरच्या बाजूनं दाबा. दाबलं, आणि वैजंता ओरडली ती गल्लीत ऐकू गेली. सर बाहेरनं म्हणाले, उताणी झोपवा, डावा पाय सरळ उचलायला सांगा. तिला उचलेना. टाच जमिनीवरनं सुटेना. मला वाटलं, आता हे काय ढोंग? तेवढ्यात सर म्हणाले, आता तिची कंबर दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरा, आत दाबून धरा, आणि परत सांगा.

मी धरली. आणि पाय उचलला. वीतभर, मग हातभर. मी हात सोडले की पाय खाली. परत धरले की वर. वैजंता माझ्याकडं बघत होती आणि मी माझ्या हातांकडं. जे चाळीस वेळा काथ्यानं आवळून बांधलं होतं, ते ह्या पोरीच्या अंगात सुटलेलं होतं आणि त्या घटकेला माझे दोन तळवे तिथं दोराचं काम करत होते.

सरांनी मला बाहेर बोलावलं. हळू आवाजात, पण एकेक शब्द तोडून सांगितलं. "उद्या मिरजेला न्या, तिथं आतला फोटो काढतात. आणि खाली बसवू नका. मांडी नाही, उकिडवं नाही, एक दिवससुद्धा नाही."

मी विचारलं, गणपती झाल्यावर न्हेलं तर?

"हाड पंचांग बघत नाही, वहिनी. दोर सैल झालाय तोवर जागेवर बसवता येईल. नंतर जसा असेल तसा वाळेल. मातीचं तुम्हाला मी काय सांगू?"

चतुर्थीला महिना उरला होता. दोन-अडीचशे घरचे गणपती फळ्यांवर रांगेनं उभे होते, सगळे बिनडोळ्यांचे. नारळ ठेवून, नाव सांगून गेलेली घरं होती, कोणाची तीन तीन पिढ्या आमच्याकडनंच मूर्ती नेणारी. मी पडद्याच्या आत गेले. दिलीप आला होता. मी दोघांना सांगितलं, "सर म्हणत्यात जरा जपून ऱ्हायचं. गणपती झालं की मिरजंला दाखवून येऊ."

एवढंच सांगितलं. बाकीचं गिळलं.

दुसऱ्या दिवशी वैजंता पोत्यावर बसली. मी तिच्या पाठीमागं उशी दिली आणि ते मला फार मोठं वाटलं. सर कॉलेजला जाताना कारखान्याच्या दारात थांबले. तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. संध्याकाळी येऊन मला बाजूला घेऊन विचारलं, मी काल काय सांगितलं होतं? आणि मी त्यांना म्हणाले, "सर, तुमी माडीवरचे भाडेकरू. आमच्या घरातलं आमी बघतो की."

अकरा वर्षांत मी त्यांना बोललेलं हे एकच वाकडं वाक्य. पण ते मी नेमकं त्या दिवशी बोलले. सर वर गेले. दोन दिवसांनी कॉलेजातनं एक उंच स्टूल खांद्यावर टाकून घेऊन आले, मुलं उंच टेबलाशी बसतात तसलं. कारखान्यात ठेवलं आणि गेले. त्याच्यावर टेकून, अर्धं उभं राहून आखणी करता येईल, असं त्यांच्या मनात असणार. सांगितलं मात्र नाही, कारण मी त्यांचं बोलणं बंद केलं होतं. उभ्यानं हात स्थिर राहत नाही, रेघ हलते, असं मीच मनाशी ठरवलं आणि त्या स्टुलावर रंगाचे डबे मांडले.

महिनाभर ती बसली. सकाळी बसताना दोन्ही हात जमिनीला टेकवून, आधी उजवा गुडघा, मग हळूहळू बाकीचं अंग. दुपारी जेवायला उठायचीच नाही, उठण्यापेक्षा ताट तिथंच बरं म्हणायची. डोळे मात्र त्या वर्षी जसे उतरले तसे परत कधी उतरले नाहीत. चतुर्थीच्या सकाळी शेवटचा गणपती टाळ वाजवत गेला, मी हात जोडले, मागं वळले, तर वैजंता पोत्यावरच होती. तिला उठता येईना. दिलीपनं आणि मी मिळून उचलली.

मिरजेच्या डॉक्टरांनी आतला फोटो दाखवला. डावा सांधा थोडा वर सरकून तसाच धरलाय, म्हणाले. आधी आलो असतो तर काही करता आलं असतं का, हे दिलीपनं विचारलं. ते म्हणाले, नक्की कोण सांगणार, पण महिनाभर खाली बसायला नको होतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही? दिलीप म्हणाला, न्हाय, तसं कोण बोललं न्हाय. मी तिथंच बाकड्यावर बसले होते.

वैजंता सव्वीस वर्षांची होती. तेव्हापासनं तिला जमिनीवर बसता येत नाही. पंगतीत नाही, हळदीकुंकवाला नाही, देवापुढंही नाही. डावं पाऊल जरा ओढून टाकते. झोपेत कूस बदलली की जागी होते. पट्टा बांधते, सांगितलेले व्यायाम करते, घरातलं सगळं बघते. आखणी मात्र सुटली. उंच टेबलावर काही दिवस करून बघितली, पण रेघ तिची तिलाच पसंत पडेना.

घरात मग हळूहळू एक गोष्ट तयार झाली. ती कोणी मुद्दाम केली नाही, मी ती मोडली नाही एवढंच. सर एवढे हाडांचे जाणकार, पण आपल्या वेळी त्यांना कळलं नाही. दिलीप त्यांच्याशी तुटक वागायला लागला. आणि पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी अंगणात माती तुडवत होते, सर पायरीवर होते, वैजंता खांबाला टेकून उभी होती. समोरनं कोणीतरी गेलं, सर सवयीनं काहीतरी पुटपुटले. आणि वैजंता म्हणाली, "सर, सगळ्या गल्लीच्या कमरा दिसत्यात तुमास्नी. घरातलीच तेवढी दिसली न्हाय व्हय?"

माझे पाय मातीत तसेच राहिले. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी मात्र तोंडाकडं बघितलं, हे मला पक्कं आठवतं. मला वाटलं, आता हे सांगणार. सांगावं असंही वाटलं.

सर म्हणाले, "नाही दिसली, बाई. माझं चुकलं."

कप उचलून वर निघून गेले.

पुस्तकाला खोटं म्हणणारा माणूस. मोठ्या डॉक्टरला चहावरनं उठवणारा माणूस. त्यानं माझ्यासाठी एवढं मोठं खोटं सांगितलं आणि मी माती तुडवत राहिले. रात्री जेवणाच्या वेळी जिन्याखाली जाऊन उभी राहिले होते, तेवढंच. वर गेले नाही.

त्या दिवसानंतर सर पायरीवर बसले नाहीत. चहा माडीवरच घ्यायचे. कोणाच्या चालीबद्दल बोलणंही सोडलं. दूधवाला लंगडत आला तरी काही नाही, मी मुद्दाम विचारलं तरी, असेल काहीतरी, असं म्हणायचे. मातीच्या कमरा मागणं बंद झालं, कॉलेजात आता प्लास्टिकच्या आल्यात म्हणाले. दोन वर्षांनी नोकरी संपली. ट्रंक नव्हतीच, वळकटी आणि पुस्तकं टेम्पोत गेली. मी दारात उभी होते, तोंडात शब्द आणून. सर माझ्या पायांकडं बघून म्हणाले, डाव्या पायावर जास्त भार देताय, वहिनी, जपा. मी बरं म्हणाले. टेम्पो गेला.

पाचेक वर्षांनी त्यांच्या भाच्याचं कार्ड आलं. नृसिंहवाडीजवळच्या एका गावात बहिणीकडं राहत होते, तिथंच वारले. दिलीप म्हणाला, कशाला जायचं? वैजंता म्हणाली, मी जाणार. मला नवल वाटलं. दोघी गेलो. बहिणीनं चहा दिला, चार गोष्टी सांगितल्या. शेवटी शेवटी कोणाशी फार बोलायचे नाहीत, म्हणाली. आम्ही फोटोला नमस्कार केला आणि वाडीच्या स्टँडवर येऊन एसटीची वाट बघत थांबलो. दुपार होती, माणसं कमी होती. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी बोलायला लागले. सरांनी मला सगळं सांगितलेलं, खाली बसवू नका म्हणालेले, मिरजेला न्या म्हणालेले, मीच लपवलं, त्यांची काही चूक नव्हती. बोलताना मी तिच्याकडं बघत नव्हते.

वैजंतानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ठावं हाय, आत्या. साडीचा पडदा हुता. मी काय बहिरी हुते?"

मग बसलीस कशाला, एवढंच तोंडातनं आलं.

"तुमी ऊठ म्हणताय का, बघत हुते. रोज बघत हुते."

"आन् त्या दिवशी सरांना तसं का बोललीस?"

"त्यास्नी कुठं बोलले मी?" ती म्हणाली.

लेकी बोले सुने लागे, असं आमच्यात म्हणतात. इथं सून बोलली होती, लागायला हवं होतं ते मला. सरांनी मधी येऊन ते स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि मी ते त्यांना घेऊ दिलं. बिचाऱ्याला वाटलं असेल, हिला खरंच वाटतंय की मला कळलं नाही. तसंच वाटून गेले.

मी रडायला लागले. वैजंतानं पदर पुढं केला नाही, रागावलीही नाही. रस्त्याकडं बघत म्हणाली, "मला सांगून काय उपेग, आत्या? मला म्हाईत हुतं. सांगायचं हुतं ते त्यास्नी, मी समदं ऐकलंय म्हणून. तुमी न्हाय सांगितलं, आन् मीबी न्हाय."

एसटी आली. आधी ती चढली, मागनं मी. गाडी निम्मी रिकामी होती. खड्ड्यांत सीटवर बसलं की तिला जास्त दुखतं, म्हणून ती दांडीला धरून उभी राहिली. कंडक्टर मला म्हणाला, मावशी, बसा की, जागा हाय. मी कोल्हापूर येईपर्यंत बसले नाही.